ग्राफिक्स कार्ड बदललं, स्क्रीन काळी पडली: फॉरमॅट मारायच्या आधी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपमधून, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या दुकानातून, रात्री साडेआठला फोन आला. "आरं, नवं कार्ड घातल्यापासनं स्क्रीन काळीच हाय. पोरगं म्हणतंय फॉरमॅट मारूया. मारू का?" मी म्हटलं, "काका, मशीन बंद करून ठेवा, कशालाही हात लावू नका, मी येतो." जुलै होता, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तरी रेनकोट चढवून निघालो, कारण त्या मशीनमध्ये काय आहे ते मला माहीत होतं. फौंड्रीला लागणाऱ्या पॅटर्नची सात-आठ वर्षांची थ्रीडी ड्रॉइंग: पंपाची केसिंग, गिअरबॉक्सची कव्हरं, व्हॉल्व्हच्या बॉड्या. बॅकअप होता, पण मागच्या दिवाळीचा. मशीन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं.

ग्राफिक्स कार्ड बदलल्याने हार्ड डिस्कवरच्या एकाही फाइलला धक्का लागत नाही. लिनक्सही बिघडलेलं नसतं. पडद्यामागे सगळं चालू असतं, फक्त पडदा उघडत नाही. अशा वेळी फॉरमॅट मारणं म्हणजे दाराचं कुलूप अडकलं म्हणून घर पाडणं. आपल्याकडे मशीनला काहीही झालं की पहिला उपाय तोच सांगितला जातो, आणि त्यापायी माणसांची वर्षानुवर्षांची कामं गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापूरच्या माणसाला हे गुऱ्हाळाच्या भाषेत सांगितलं की पटकन कळतं. ऊस चरकात जातो, रस काहिलीत उकळतो, पाक तयार झाला की वाफ्यात ओततात आणि मग साच्यात त्याचा रवा बनतो. रवा नीट बसला नाही तर गुळव्या चुलवाण पाडत नाही. वाफ्यात किती निवला, काहिलीखाली जाळ कसा होता, रस कसा आला, असं एकेक पायरी मागे जाऊन बघतो. स्क्रीनवरचं चित्रही असंच हातोहात पुढे जातं.

मशीन चालू केलं की आधी मदरबोर्डमधलं फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, कार्डाला जागं करतं आणि कंपनीचा लोगो दाखवतं. इथपर्यंत लिनक्सचा काही संबंध नाही. मग ग्रब येतो, म्हणजे कुठली सिस्टीम चालू करायची ते विचारणारा मेनू. त्याच्यानंतर लिनक्सचा गाभा, कर्नल. कर्नल कार्ड ओळखतो, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला हाकणारा प्रोग्राम, चढवतो, आणि तो ड्रायव्हर मॉनिटरचं रेझोल्यूशन आपल्या ताब्यात घेतो. याला मोड सेटिंग म्हणतात. लिनक्समध्ये हे काम २००९पासून कर्नलकडे यायला लागलं, त्याआधी ते एक्स सर्व्हर करायचा. सगळ्यात शेवटी एक्स किंवा वेलँड ही चित्र रंगवणारी यंत्रणा उभी राहते आणि लॉगिनची खिडकी दिसते.

तेव्हा दुकानात पोचल्यावर माझा पहिला प्रश्न एवढाच होता: "नेमकं कुठपर्यंत दिसतं?" काकांचा पोरगा म्हणाला, "दादा, कंपनीचा लोगो येतो, मग वर डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकते, आणि बस्स." या एका वाक्यात निम्मं निदान झालं. लोगो दिसला म्हणजे कार्ड, केबल, मॉनिटर आणि वीज, चारही ठीक.

लोगोसुद्धा दिसत नसेल तर

मग लिनक्सकडे वळूच नका, पेटी उघडा. त्याआधी पेटीच्या मागे बघा: केबल कुठे लावली आहे? उभ्या पेटीत वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारची सॉकेटं मदरबोर्डची असतात. कार्डाची सॉकेटं त्यांच्या खाली, आडव्या पट्टीत. कार्ड घातलं पण केबल जुन्या सवयीने मदरबोर्डलाच राहिली, हे जेवढ्या वेळा घडतं तेवढं दुसरं काहीच घडत नाही.

मग वीज. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॅट, आठ पिनांची १५० वॅट. काकांचं जुनं कार्ड २०१२ सालचं एनव्हिडियाचं जीटीएक्स ६५०, त्याला सहा पिनांत भागत होतं. नवं एएमडीचं आरएक्स ६६००, त्याला आठ पिना लागतात. त्यांनी त्यासाठी नवा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, घेतला होता, हे शहाणपणाचं केलं. हार्ड डिस्कच्या जोडणीवरून आठ पिना काढून देणारे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, ते वापरू नका. ती वायर एवढा करंट वाहायला बनलेलीच नसते, प्लॅस्टिक वितळतं.

कार्ड स्लॉटमध्ये खटकन बसायला हवं, शेवटची चाप वर आलेली दिसायला हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात पितळी रंगाच्या पट्ट्यांवर ओलाव्याचा थर धरतो. कार्ड काढून त्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या की बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. आणि २०१९ किंवा २०२१च्या पुरात मशीन भिजलेलं असेल तर स्लॉटमधला गाळ आधी बघा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या बोर्डांच्या स्लॉटमध्ये बारीक माती राहून जाते.

एक गोष्ट सेकंडहँड कार्डांची. खूप जुन्या कार्डांना नव्या पद्धतीच्या फर्मवेअरची, म्हणजे यूईएफआयची, भाषा येत नाही. मदरबोर्ड पूर्ण यूईएफआयवर असेल तर असं कार्ड लोगोच दाखवत नाही. बायोसमध्ये सीएसएम नावाची जुळवून घेण्याची सोय चालू केली की दिसायला लागतं. मात्र ती चालू करताना बूट होण्याची पद्धत बदलू देऊ नका, नाहीतर यूईएफआयवर बसवलेलं लिनक्सच सापडेनासं होतं आणि एक दुखणं बरं करताना दुसरं जडतं.

लोगो दिसतो, मग अंधार

इथून पुढे लिनक्सचा प्रांत. आधी मशीन जिवंत आहे का ते बघायचं. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागला-विझला तर कर्नल चालू आहे, नुसतं चित्र नाही. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पाटीवर लॉगिन मागणारी पांढरी अक्षरं आली तर बातमी चांगली आहे: कर्नल आणि कार्डाचा ड्रायव्हर दोघं ठीक, बिघाड फक्त शेवटच्या टप्प्यात, एक्स किंवा वेलँडमध्ये. उद्यमनगरात हेच झालं. तीन बटणं दाबली, अक्षरं आली, आणि काकांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

ती अक्षरंही आली नाहीत तर बिघाड कर्नलच्या टप्प्यात आहे. ड्रायव्हरने मोड सेटिंग करायला घेतलं आणि तिथेच अडखळला. अशा वेळी ड्रायव्हरला सांगायचं की तू आज काही करू नकोस, बायोसने जे साधं चित्र लावून दिलंय तेच चालू दे. हा निरोप एका शब्दाचा आहे: नोमोडसेट.

कमांड आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत टाकायची, बहुतेक सगळी लहान अक्षरांत. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरा, किंवा यूईएफआय असेल तर एस्केप हलकेच दाबत राहा, म्हणजे ग्रबचा मेनू दिसेल. पहिल्या ओळीवर असताना ई दाबा. उघडलेल्या मजकुरात "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते. तिच्या शेवटी जाऊन एक जागा सोडून नोमोडसेट टाइप करा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, पुढच्या वेळी आपोआप जातो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

नोमोडसेट म्हणजे बॅटरी. लाइट गेल्यावर फ्यूज शोधायला ती लागते, पण फ्यूज ती बसवत नाही. काही जण चित्र आलं म्हणून खूश होतात आणि तो शब्द ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा टाकून ठेवतात. मग महिन्याभराने तक्रार येते की इतके पैसे घालून कार्ड घेतलं आणि ब्लेंडर हा थ्रीडी प्रोग्राम मुंगीच्या पावलाने चालतोय. चालणारच, कारण कार्डाच्या ड्रायव्हरला आपणच घरी बसवलंय. काम झालं की तो शब्द आठवणीने काढा.

याहून सोयीचा रस्ता म्हणजे मशीनवर आधीपासून ओपन-एसएसएच बसवलेलं असणं. मग स्क्रीन काळी असली तरी त्याच वायफायवरच्या दुसऱ्या मशीनवरून, अगदी मोबाइलवरूनही, आत शिरून दुरुस्ती करता येते. ज्यांचं पोट मशीनवर आहे त्यांनी ही सोय करून ठेवावीच.

जुन्या कार्डाच्या खुणा

आत शिरल्यावर पहिली कमांड एलएसपीसीआय, सोबत डॅश आणि के. मदरबोर्डला काय काय जोडलंय आणि प्रत्येकाला कुठला ड्रायव्हर लागलाय, याची ती यादी देते. व्हीजीए किंवा डिस्प्ले शब्द असलेली ओळ शोधा आणि तिच्याखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" काय म्हणतं ते वाचा. आजच्या एएमडी कार्डांना एएमडीजीपीयू दिसायला हवा. एनव्हिडियाच्या कार्डाला कंपनीचा एनव्हिडिया किंवा लोकांनी लिहिलेला नुव्हो. इंटेलला आय९१५, अगदी नव्या इंटेलला एक्सई. ही ओळच नसेल तर कार्ड सापडलंय पण त्याला हाकणारा कुणी नाही.

उद्यमनगरात एएमडीजीपीयू दिसत होता. म्हणजे ड्रायव्हर व्यवस्थित चढला होता. मग एक्सला काय झालं? एक्सची रोजनिशी व्हार फोल्डरातल्या लॉग फोल्डरमध्ये असते, नाव एक्सऑर्ग डॉट ० डॉट लॉग. तिच्यात शेकडो ओळी असतात, पण वाचायच्या फक्त कंसात दोनदा ई असलेल्या, त्या चुकांच्या. दोनच होत्या. एकीत लिहिलं होतं की एनव्हिडियाचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चढणारा भाग, सुरू करता आलं नाही. दुसरीत: "नो स्क्रीन्स फाउंड".

एनव्हिडियाचं कार्ड तर टेबलावर निघून पडलेलं. मग एक्स त्याला का शोधत होता? कारण चार-पाच वर्षांपूर्वी काकांनी दोन मॉनिटर लावले, एनव्हिडियाच्या सेटिंगच्या खिडकीत जाऊन ते शेजारी शेजारी मांडले आणि "सेव्ह" दाबलं. त्या सेव्हने ईटीसी फोल्डरातल्या एक्स११ फोल्डरमध्ये एक्सऑर्ग डॉट कॉन्फ नावाची फाइल तयार झाली. तिच्यात दोन हुकूम होते: ड्रायव्हर एनव्हिडियाचाच वापर, आणि कार्ड पीसीआय, म्हणजे मदरबोर्डवरच्या जोडण्यांच्या रांगेत, १:०:० या पत्त्यावर आहे. आजचं लिनक्स या फाइलशिवाय कार्ड आपोआप ओळखतं. पण फाइल असली की ते स्वतःचं डोकं चालवत नाही, हुकूम मानतं. माणूस घर सोडून गेला तरी पोस्टमन जुन्याच पत्त्यावर पत्र टाकत राहावा, तसं.

उपाय एका ओळीचा. फाइल पुसायची नाही, नाव बदलायचं: सुडो (मालकाच्या अधिकाराने) एमव्ही (नाव बदल) लिहून त्या फाइलच्या नावापुढे "जुनी" अर्थाचं काहीतरी जोडलं. मग लॉगिनची खिडकी पुन्हा चालू करायला सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम. लॉगिनची खिडकी दाखवणारा हा प्रोग्राम लिनक्सच्या अवतारागणिक बदलतो: मिंटमध्ये लाइटडीएम असतो, उबुंटू आणि फेडोराच्या नेहमीच्या आवृत्तीत जीडीएम. दोन सेकंद अंधार, आणि लॉगिनची खिडकी समोर. पोरगं म्हणालं, "एवढंच होतं व्हय?"

एवढंच होतं. पण खुणा राहायच्या जागा आणखी आहेत, आणि प्रत्येकीचं लक्षण वेगळं.

त्या पत्त्याचीच एक मेख सांगतो. फाइल ठेवून नुसता पत्ता दुरुस्त करायचा झाला तर ध्यानात ठेवा: एलएसपीसीआय पत्ता सोळाच्या मोजणीत (हेक्साडेसिमल) दाखवतं आणि एक्सऑर्ग डॉट कॉन्फला तो आपल्या नेहमीच्या दहाच्या मोजणीत लागतो. यादीत ०ए दिसलं तर फाइलमध्ये १० लिहायचं. या एका फरकापायी लोक रात्ररात्र बसतात. माझं मत विचाराल तर फाइलच बाजूला काढा.

दुसरी खूण एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरातल्या छोट्या फाइलींची. कारण तेच, उपाय तोच. तिसरी ईटीसीमधल्या एन्व्हायरन्मेंट या फाइलची. वेलँड चालावं म्हणून कधीतरी कुठूनतरी वाचून तिच्यात एनव्हिडियाच्या नावाच्या ओळी टाकलेल्या असतात. त्या राहिल्या तर डेस्कटॉप येतो, पण थ्रीडी प्रोग्राम उघडताच मिटतात.

चौथी खूण बंदीच्या यादीची. एनव्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर बसवताना नुव्होवर बंदी घातली जाते, ती मॉडप्रोब डॉट डी फोल्डरात लिहिलेली असते. कार्ड एएमडीचं घातलं तर ही बंदी गप्प पडून राहते, त्रास देत नाही. पण जुनं एनव्हिडिया काढून वेगळ्या पिढीचं एनव्हिडिया घातलं की फास बसतो: बसवलेला ड्रायव्हर नव्या कार्डाला ओळखत नाही, आणि नुव्होला यायला मनाई. दोघांपैकी कुणीच येत नाही.

पाचवी जागा इनिटरॅमएफएसची, आणि ती सगळ्यात फसवी. कर्नल चालू होताना डिस्क उघडण्याआधी लागणारं सामान एका गाठोड्यात बांधलेलं असतं, ते हे. वरच्या सेटिंगांची एक प्रत त्या गाठोड्यातही जाते. म्हणून मॉडप्रोबच्या फाइली दुरुस्त करूनही काही फरक पडला नाही, तर गाठोडं जुनंच आहे असं समजा आणि ते नव्याने बांधा. उबुंटू, मिंट आणि डेबियनमध्ये सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू. फेडोरात सुडो ड्रॅकट डॅश डॅश फोर्स. फेडोराचं गाठोडं तर त्याच मशीनच्या सामानापुरतं बांधलेलं असतं. ग्रबच्या मेनूत शेवटी "रेस्क्यू" नावाची ओळ दिसते तिचं गाठोडं मोठं, सगळ्या प्रकारच्या सामानाचं असतं, त्यामुळे अडकल्यावर ती ओळ निवडून बघायला हरकत नाही.

जुना एनव्हिडिया ड्रायव्हर आता लागणार नसेल तर काढूनच टाका: सुडो एपीटी पर्ज, आणि पुढे त्या पॅकेजांची नावं. नावाऐवजी तारांकन घालून सरसकट काढताना, वाय दाबण्याआधी काय काय निघणार त्याची यादी पूर्ण वाचा. तिच्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं तर थांबा.

उलट दिशा: एनव्हिडिया घालताना

एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात, म्हणून त्यांच्याकडे जाणं सोपं. एनव्हिडियाकडे जाताना दोन वाटा फुटतात. नुव्हो हा ड्रायव्हर कंपनीच्या मदतीशिवाय, कार्ड कसं वागतं ते बाहेरून निरखून लोकांनी लिहिला, आणि २०१०मध्ये २.६.३३ या कर्नलपासून तो लिनक्समध्ये आहे. किती चिकाटीचं काम आहे ते! पण जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीने सही केलेलं फर्मवेअर सक्तीचं केलं, आणि मधल्या कित्येक कार्डांचा वेगच नुव्होला वाढवता येईना. चित्र दिसतं, जोर येत नाही. म्हणून थ्रीडीचं काम करणाऱ्याला कंपनीचाच ड्रायव्हर घ्यावा लागतो.

तो कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून हाताने बसवू नका. उबुंटू किंवा मिंटमधल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून घ्या, म्हणजे कर्नल अपडेट झाला की तोही सोबत जुळवून घेतला जाईल. हाताने बसवलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला मागे राहतो, आणि एका सकाळी दुकान उघडल्यावर स्क्रीन काळी. कार्डाची पिढी आणि ड्रायव्हरची शाखाही जुळली पाहिजे. जीटीएक्स ६५०सारख्या केपलर पिढीच्या कार्डांना ४७०वीच शेवटची शाखा. त्यापुढचा ड्रायव्हर त्यांना ओळखत नाही. दुसऱ्या टोकाला आरटीएक्स ५० मालिकेला फक्त खुलं कर्नल मॉड्यूल चालतं, जे एनव्हिडियाने २०२२ साली खुलं केलं. ड्रायव्हरच्या यादीत "ओपन" असा शब्द असलेला पर्याय तो.

आणि मग सिक्युअर बूट. हे चालू असेल तर मदरबोर्ड फक्त सही असलेल्या गोष्टी चालू देतो. आपल्याच मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर आपल्याच मशीनची सही असते, आणि ती सही ओळखीची आहे हे मदरबोर्डला एकदा सांगावं लागतं. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड मागतात तो याचसाठी. पुढच्या रीस्टार्टला निळी पाटी येते, एमओके मॅनेजमेंट नावाची. तिच्यात "एनरोल एमओके" निवडून तोच पासवर्ड टाकायचा. ही पाटी काही सेकंदच थांबते. लोक चहा प्यायला जातात, ती निघून जाते, ड्रायव्हर चढत नाही, आणि दोष कार्डाला लागतो. लॉगमध्ये "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" दिसलं की समजा, निळी पाटी हुकली.

नवं कार्ड, जुना कर्नल

एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नलमध्ये असतात याची दुसरी बाजू अशी की कार्ड तुमच्या कर्नलपेक्षा नवं असेल तर त्याची ओळखच नसते. इंटेलची आर्क कार्डं २०२२मध्ये आली, पण कुठलाही खटाटोप न करता ती ओळखणारा पहिला कर्नल ६.२, तो २०२३चा. कर्नल पुरेसा नवा असूनही अंधार असेल तर सुडो डीमेसेज करून "फर्मवेअर" शब्द शोधा. एएमडीजीपीयूच्या फाइलचं नाव आणि पुढे "फेल्ड विथ एरर -२" असं दिसलं तर कोडं सुटलं: वजा दोन म्हणजे फाइल सापडली नाही. एएमडी कार्डाला स्वतःच्या आत चढवायला छोट्या फाइली लागतात, त्या मशीनवर नाहीत. डेबियनवर हे हमखास होतं. तिथे ११व्या आवृत्तीपर्यंत इन्स्टॉलर या फाइली सोबत आणत नसे, आणि ज्याच्या मशीनला आजवर एनव्हिडियाचं कार्ड होतं त्याला त्या कधी लागल्याच नाहीत. फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज बसवा, गाठोडं नव्याने बांधा, रीस्टार्ट.

चित्र आलं, तरी जीव रमेना

लॉगिन झाल्यावर काकांचा दुसरा मॉनिटर १०२४ बाय ७६८वर अडकला होता, अक्षरं भेंडीएवढी. हा जुना व्हीजीएवाला मॉनिटर. गेल्या काही वर्षांतल्या कार्डांवर व्हीजीए नसतंच, म्हणून एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर लावला होता. मॉनिटर आपली ओळख, म्हणजे ईडीआयडी, केबलमधून कार्डाला सांगतो: मी एवढा रुंद, एवढा उंच. स्वस्त कन्व्हर्टर ती ओळख पुढे पोचवत नाहीत, मग कार्ड अंदाजाने काहीतरी लहान लावून देतं. एक्सवर असाल तर सीव्हीटी कमांडने हव्या मापाची ओळ बनवून एक्सरँडर या स्क्रीनचं माप बदलणाऱ्या कमांडला देता येते. कन्व्हर्टर बदलणं त्याहून बरं. आम्ही तेच केलं.

मॉनिटरांची डावी-उजवी अदलाबदलही झाली होती, कारण सॉकेटांची नावं कार्डागणिक बदलतात आणि डेस्कटॉपने जुन्या नावांवर मांडणी लिहून ठेवलेली असते. होम फोल्डरातल्या डॉट कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरमध्ये मॉनिटर्स डॉट एक्सएमएल असा शेवट असलेली फाइल बाजूला केली की डेस्कटॉप नव्याने विचारतो.

आणि शेवटी हे बघाच: जीएलएक्सइन्फो डॅश बी, इथे बी मोठा. "रेंडरर" शब्दापुढे तुमच्या कार्डाचं नाव हवं. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं तर चित्र कार्ड काढत नाहीये, प्रोसेसर घाम गाळून काढतोय. डेस्कटॉप दिसतो म्हणून सगळं ठीक असं धरून चालू नका. ही एक ओळ बघितल्याशिवाय मी पेटीचं झाकण लावत नाही.

पुढच्या वेळी कार्ड बदलायचं ठरलं की जुनं कार्ड चालू असतानाच चार कामं उरकून घ्या. ड्रॉइंगचा आणि हिशोबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. सगळे अपडेट, म्हणजे नवा कर्नल आणि फर्मवेअर आधीच आत येतील. कंपनीचा जुना ड्रायव्हर काढून टाकणं आणि एक्सऑर्ग डॉट कॉन्फ असेल तर तिला बाजूला करणं. आणि ओपन-एसएसएच. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे का तेही बघून ठेवा, अडचणीत मदरबोर्डच्या सॉकेटवर काम भागतं. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर ते नसतं.

उद्यमनगरात साडेदहा वाजले होते, पाऊस ओसरला होता, रेंडररपुढे कार्डाचं नाव आलं होतं. काकांनी सकाळी व्हीएमसीवर, म्हणजे ड्रॉइंगवरून पॅटर्न कोरणाऱ्या यंत्रावर, जायचा पॅटर्न उघडला, माउसने गरगर फिरवून बघितला, आणि फाइल पाठवायला गेले तर व्हीएमसी नेटवर्कवर सापडेना. पोराचा चेहरा पुन्हा पडला. "आता नेट पण गेलं!"

नेट गेलं नव्हतं, नाव बदललं होतं. आरएक्स ६६००सारख्या कार्डांच्या आतच पीसीआयचा एक छोटा पूल असतो, तो रांगेत दोन नंबर स्वतः घेतो. त्यामुळे रांगेत मागे असलेलं नेटवर्क कार्ड तीन नंबरवरून पाचवर सरकलं. लिनक्स नेटवर्क कार्डाचं नाव याच नंबरावरून ठेवतं. ईएनपी३एस० होतं, ते ईएनपी५एस० झालं. व्हीएमसीसाठी हाताने दिलेला कायमचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, जुन्या नावालाच चिकटून बसला होता. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या जोडणीचं डिव्हाइस बदललं, एकदा बंद-चालू केली.

पंपाच्या केसिंगची फाइल व्हीएमसीवर गेली. काकांनी जुनं कार्ड नव्याच्या खोक्यात घालून वर पेनने तारीख लिहिली, आणि पोराला म्हणाले, "उद्या पयलं काम, मोठी हार्ड डिस्क आण. बॅकअप घ्यायचा."